जकार्ताची इस्तिकलाल मशीद आणि तिथला वारा

जास्वंदी

नवऱ्याच्या नोकरीमुळे जकार्तात आले त्याला आता तीन वर्षं होत आली. शिक्षण आर्किटेक्चरचं, त्यामुळे नवीन गावात गेलं की आधी इमारती बघत हिंडायची सवय. तरी इथल्या राष्ट्रीय मशिदीत, म्हणजे मस्जिद इस्तिकलालमध्ये पाऊल टाकायला मला आठ महिने लागले, कारण बाहेरून ती मला आवडलीच नव्हती. जुआंदा स्टेशनच्या वरच्या प्लॅटफॉर्मवरून समोरच दिसते, पांढरा घुमट आणि खाली सरळ उभ्या खांबांच्या रांगा, मला ते एखाद्या मोठ्या सरकारी कचेरीसारखं वाटायचं.

मग एक दिवस पासार बारूला कापड घ्यायला गेले होते. तिथे भारतीय वंशाच्या लोकांची कापडाची दुकानं कितीतरी वर्षांपासून आहेत आणि मशीद तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. परत येताना पाऊस कोसळायला लागला म्हणून आडोशाला आत शिरले. चपला काढून दिल्या, त्यांनी अंगावर घालायला एक लांब झगा दिला, आणि जिना चढून वर गेले तर काय गार वारा! बाहेर नुसती चिकचिक, आत मुख्य हॉलला एसी नाही, आणि तरी पायाखालचा संगमरवर थंडगार आणि एका बाजूने वारा आत येऊन दुसऱ्या बाजूने निघून जातोय. त्या दिवशी दोन तास बसून राहिले. तेव्हापासून या इमारतीबद्दल मिळेल ते वाचतेय, इथल्या लोकांना विचारतेय, आणि आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून हा धागा.

आधी नावाचं सांगते. इस्तिकलाल हा अरबी शब्द, अर्थ स्वातंत्र्य. कुठल्या राजाचं, संताचं, देणगीदाराचं नाव नाही. इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं, डचांनी ते मान्य करायला १९४९ चा डिसेंबर उजाडला, मध्ये चार वर्षं लढाई. त्यानंतर काही वर्षांतच देशाची म्हणून एक मशीद हवी असा विचार सुरू झाला. त्यात पुढे होते वाहिद हाशिम, जे धर्म खात्याचे मंत्री राहिलेले, आणि अन्वर चोक्रोअमिनोतो. हाशिम १९५३ मध्येच अपघातात गेले. डिसेंबर १९५४ मध्ये इस्तिकलाल फाउंडेशन स्थापन झालं आणि चोक्रोअमिनोतो त्याचे अध्यक्ष झाले. (याच वाहिद हाशिम यांचे चिरंजीव अब्दुर्रहमान वाहिद पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.)

जागेवरून मोठा वाद झाला. उपराष्ट्राध्यक्ष हट्टा म्हणत होते की थामरिन रस्त्याकडे बांधा, तिथे लोकवस्ती आहे, जागा मोकळी आहे, पाडापाडीचा खर्च नाही. राष्ट्राध्यक्ष सुकार्णो मात्र विल्हेल्मिना पार्कवर अडून बसले. विल्हेल्मिना म्हणजे डचांची राणी, आणि त्या बागेत १८३७ चा प्रिन्स फ्रेडरिक नावाचा डच किल्ला उभा. मशीद हवी ती तिथेच, मर्देका चौकाच्या, म्हणजे शहराच्या मधल्या मोठ्या मैदानाच्या कडेला आणि कॅथेड्रलच्या समोर. शेवटी सुकार्णोंचंच झालं, १९६१ मध्ये किल्ला पाडला. मला वाटतं इथे हिशेबाच्या बाजूने हट्टा बरोबर होते, पण शहराच्या बाजूने सुकार्णो. आज ती मशीद थामरिनच्या काचेच्या टॉवरांमध्ये असती तर दिसलीही नसती.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. १९५५ मध्ये डिझाइनची स्पर्धा झाली, परीक्षक मंडळाचे अध्यक्ष खुद्द सुकार्णो (ते स्वतः बांडुंगच्या कॉलेजातून शिकलेले सिव्हिल इंजिनिअर). स्पर्धकांनी नावाऐवजी एक बोधवाक्य लिहायचं होतं. निवड झाली त्या आराखड्यावर शब्द होता 'कतुहानन', म्हणजे ईश्वरतत्त्व. आणि पाकिटातून नाव निघालं फ्रेडरिक सिलाबान. उत्तर सुमात्राचे बाताक, प्रोटेस्टंट ख्रिश्चन. जगातल्या सगळ्यात जास्त मुस्लिम लोकसंख्येच्या देशाची राष्ट्रीय मशीद एका ख्रिश्चन माणसाच्या हातची निघाली, आणि ती निवड फिरवली नाही कुणी.

सिलाबान मोठ्या विद्यापीठाचे पदवीधर नव्हते, बटाव्हियातल्या तंत्रशाळेत शिकले आणि बोगोरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. विषुववृत्ताजवळच्या देशात इमारत म्हणजे आधी छप्पर, भिंत नंतर, असं त्यांचं सगळं काम बघून म्हणता येतं. खूप पुढे आलेलं छप्पर, खोल व्हरांडे, ऊन भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही, पाऊस आत येऊ द्यायचा नाही पण वारा अडवायचा नाही. इस्तिकलालला बाहेरून जे कचेरीसारखं वाटतं ते उभे खांब म्हणजे खरं तर व्हरांडे आहेत, आणि भिंती जिथे असायला हव्यात तिथे बऱ्याच ठिकाणी स्टीलच्या नक्षीच्या जाळ्या आहेत. म्हणून तो वारा.

पायाभरणी २४ ऑगस्ट १९६१, मिलादचा दिवस. उद्‌घाटन २२ फेब्रुवारी १९७८, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षं. मधल्या काळात काय काय झालं, पैसा संपला, १९६५ चा रक्तपात झाला, सुकार्णो गेले, सुहार्तो आले. पायाभरणी एका राष्ट्राध्यक्षाने केली, फीत दुसऱ्याने कापली.

इथला गाइड सगळ्यांना आकडे सांगतो. मोठ्या घुमटाचा व्यास ४५ मीटर कारण १९४५. छोट्या घुमटाचा ८ मीटर कारण ऑगस्ट हा आठवा महिना. घुमट १२ खांबांवर, कारण पैगंबरांचा जन्म १२ रबिउल अव्वलचा. हॉलचे मजले पाच, कारण इस्लामचे पाच स्तंभ. मिनार एकच, कारण ईश्वर एक. दारं सात, प्रत्येकाला अल्लाच्या नावांपैकी एक नाव. ऐकायला छान वाटतं, पण सगळे लोक आकड्यांचे फोटो काढून निघून जातात आणि इमारत बघायची राहून जाते. सिलाबाननी खरं काय केलं ते वाऱ्यात आणि सावलीत आहे असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं? कुणी जाऊन आलंय का?

फिरस्ता_सातारी

मस्त धागा. मी २०१६ ला गेलेलो, ऑफिसच्या कामात अर्धा दिवस मोकळा मिळाला म्हणून. मला आठवतो तो तिथला ढोल. बेदुग म्हणतात त्याला, एका अखंड लाकडाचा, आपल्या देवळातल्या नगाऱ्याच्या कितीतरी पट मोठा, आडवा ठेवलेला. गाइड म्हणाला कालिमंतानच्या जंगलातलं मेरांती झाड आहे. अजानच्या आधी ढोल वाजवायची जावामधली जुनी पद्धत, लाउडस्पीकर नव्हते तेव्हा गावभर कळायला तेच साधन.

दुसरं म्हणजे बाहेर पडलं की समोर कॅथेड्रलची दोन टोकदार लोखंडी शिखरं. १९०१ चं चर्च आहे ते. एका फोटोत दोन्ही येतात. नाताळला चर्चच्या लोकांच्या गाड्या मशिदीच्या पार्किंगमध्ये लागतात हे ऐकून मला फार बरं वाटलेलं.

कोयनाकाठ

लेख छान लिहिलाय, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. इंडोनेशियाची मशीद म्हणजे मुळात घुमटाची नाहीच. जावामधल्या देमाकची जुनी मशीद बघा, लाकडाचे खांब आणि एकावर एक तीन उतरती छपरं, आपल्या कोकणातल्या देवळांशी नातं सांगणारी. पाऊस भरपूर पडतो तिथे उतरतं छप्पर हेच शहाणपण. शेकडो वर्षं तीच पद्धत होती. मग स्वतंत्र झाल्यावर 'राष्ट्रीय' म्हणून जे बांधलं ते अरबस्तानातून आणि युरोपातून उचललेलं का? घुमट तिकडचा, काँक्रीट आणि सरळ रेषा युरोपच्या. यात जावा कुठे आहे, सुमात्रा कुठे आहे? राष्ट्रीय म्हणायचं आणि आपल्या सुताराला बाहेर ठेवायचं हे मला पटत नाही.

शिवाय जावामधल्या जुन्या राजधान्यांमध्ये रचना ठरलेली असते, मध्ये आलून-आलून म्हणजे मोठं मैदान, एका बाजूला राजवाडा आणि पश्चिमेला मशीद. योग्यकर्त्यात आजही तशीच आहे. जकार्तात मर्देका चौक म्हणजे त्याच मैदानाची नवी आवृत्ती, पण मशीद ईशान्येच्या कोपऱ्यात गेली. म्हणजे परंपरा तिथेही मोडली.

मिस्त्री_मालवण

कोयनाकाठ, देमाकचं खरं आहे, पण लाकडाच्या छपराने किती लोक झाकणार? इस्तिकलालमध्ये एक लाखाच्या वर माणूस मावतो, साधारण १ लाख २० हजार असा आकडा देतात. एवढा मोठा मोकळा गाळा लाकडात काढायचा तर मध्ये खांबांचं जंगल होईल. ४५ मीटर घुमटाखाली एकही खांब नाही हे सोपं काम नव्हे. घुमटाचा कल नेहमी खालून बाहेर फाकण्याचा असतो, म्हणून तळाशी कडं भक्कम लागतं, आपल्याकडे पिंपाला पट्ट्या मारतात ना तसं. आणि ते कडं बारा खांबांवर तोलायचं. आम्ही साइटवर दहा मीटरच्या स्लॅबला घाम गाळतो, त्यामुळे मला या गोष्टीचं अप्रूप जास्त.

सुकार्णोंना ती काँक्रीट, स्टील आणि संगमरवरातच हवी होती, शतकानुशतकं टिकणारी. तो काळच तसा होता, नुकतेच स्वतंत्र झालेले सगळे देश काँक्रीटमध्येच स्वप्न बघत होते. आपल्याकडे चंदीगड त्याच दशकातलं.

संगमरवर बाहेरून आणला का हो?

जास्वंदी

मिस्त्रीदादा, नाही, संगमरवर देशातलाच, पूर्व जावामधल्या तुलुंगागुंगचा. स्टील मात्र बघाल तिकडे स्टेनलेस, खांबांना, जाळ्यांना, दारांना. सुरुवातीला मला ते फार थंड, हॉस्पिटलसारखं वाटलं होतं. पण इथली हवा वर्षभर दमट, लाकूड कुजतं, साधं लोखंड गंजतं, मग ४० वर्षांनीही ते जसंच्या तसं चमकताना बघून कारण कळलं.

कोयनाकाठ, तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि इथेही तो वाद झालेलाच आहे. पुढे सुहार्तोंच्या काळापासून त्यांच्या एका फाउंडेशनने देशभर ९९९ मशिदी बांधल्या, सगळ्या देमाकसारख्या तीन पायऱ्यांच्या छपराच्या, एकाच साच्यातल्या. म्हणजे जी पारंपरिक ती राष्ट्रीय हा विचार प्रत्यक्षात आला. पण मी त्यातल्या दोन-तीन बघितल्या, आकार जावाचा आहे पण आत गेल्यावर ते जाणवत नाही. उलट इस्तिकलालचा आकार परका म्हणा हवं तर, पण तिथे बसल्यावर अंगाला जे जाणवतं ते याच मातीतलं आहे. जावामधलं जुनं घर असतं ना, पुढे पेंडोपो, म्हणजे चारी बाजूंनी उघडा मंडप, नुसतं छप्पर आणि खांब, तिथे पाहुणे बसणार, वारा खेळणार. इस्तिकलाल म्हणजे तोच पेंडोपो खूप मोठा करून काँक्रीटमध्ये उभा केलाय असं मला वाटतं. परंपरा छपराच्या कोनात शोधायची की वारा कसा येतो त्यात, हा खरा प्रश्न आहे. मी वाऱ्याच्या बाजूने.

दाभोळखाडी

जास्वंदीताई, फार मनापासून लिहिलंय तुम्ही, आवडलं. मी स्वतः नमाजी माणूस, त्यामुळे इमारत वापरणाऱ्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे मिस्त्रीभाऊंनी खांब नाहीत म्हटलं त्याचं नमाजात खास महत्त्व आहे. जमातीची नमाज सफ लावून होते, खांद्याला खांदा लावून एक सलग ओळ. मध्ये खांब आला की सफ तुटते. जुन्या मशिदींत नाइलाज असतो म्हणून चालवून घेतात, पण मोठा मोकळा हॉल मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. सिलाबान स्वतः नमाज पढत नसतील पण ही गोष्ट त्यांना नीट कळली होती एवढं दिसतं.

दुसरी, आम्ही कोकणी मुसलमान शाफई पद्धतीने नमाज पढणारे, आणि इंडोनेशियातलेही शाफईच. देशावरचे बहुतेक हनफी. त्यामुळे मी मलेशियाला कामाला होतो तेव्हा तिथल्या मशिदीत मला आमच्या गावच्यासारखं वाटायचं, असरची म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ आमचीच, फजरमध्ये म्हणजे पहाटेच्या नमाजात कुनूतची दुआ आमच्यासारखीच. समुद्राने जोडलेली ही माणसं आहेत, अरबी व्यापारी दाभोळलाही उतरायचे आणि सुमात्रालाही.

तिसरी, आकड्यांबद्दल. मिनाराची उंची ९६.६६ मीटर सांगतात, त्यात ६६.६६ चा मिनार आणि वर ३० मीटरचा स्टीलचा कळस. ३० म्हणजे कुराणाचे तीस पारे, ते बरोबर. पण ६६६६ म्हणजे कुराणातल्या आयती हे जे सांगतात, तो लोकांत रूढ झालेला आकडा आहे. आज छापलेल्या बहुतेक प्रतींत मोजल्या तर ६२३६ आयती भरतात. आमच्या आजीलाही ६६६६ च पाठ होतं, म्हणून तो आकडा ऐकला की मला घरचा वाटतो, पण माहिती म्हणून सांगितलं.

जास्वंदी

दाभोळखाडी, सफेबद्दलचं मला अजिबात माहीत नव्हतं!! मी हॉलकडे नुसतं स्पॅन म्हणून बघत होते. आणि आयतींची दुरुस्ती फार मोलाची, मी पण ६६६६ च धरून चालले होते, बरं झालं लेखात लिहिलं नाही.

तुम्ही दिशेचं काही सांगाल का? कारण मला नकाशात एक गंमत दिसली. मुख्य इमारत वेगळ्या कोनात आहे आणि बाजूचे लांब व्हरांडे वेगळ्या कोनात. नमाजाचा हॉल किब्ल्याकडे, म्हणजे नमाजात तोंड करायच्या दिशेकडे, आणि व्हरांडे मोनासकडे, म्हणजे मर्देका चौकातल्या राष्ट्रीय स्मारकाकडे.

दाभोळखाडी

जकार्ताहून मक्केतला काबा पश्चिमेला पण उत्तरेकडे बऱ्यापैकी कललेला, साधारण २९५ अंश. पुष्कळांना वाटतं सरळ पश्चिम, तसं नाही. किब्ला बदलता येत नाही, त्यामुळे हॉल त्याच कोनात बसवावा लागणार. व्हरांड्यात मात्र मोकळीक आहे, तिथे शहराकडे तोंड केलं असेल तर समजण्यासारखं आहे. एक दिशा इबादतीची, एक देशाची. मला हे आवडलं.

अबोली७२

सगळं वाचतेय, फार छान चर्चा. मला भाषेची आवड म्हणून थोडी भर. मर्देका म्हणजे स्वातंत्र्य, हा शब्द आला आपल्या संस्कृत 'महर्द्धिक' वरून, म्हणजे समृद्ध, सामर्थ्यवान. तिकडे जाता जाता अर्थ झाला मोकळा, कुणाचा गुलाम नसलेला. म्हणजे चौकाचं नाव संस्कृतमधून आणि त्याच्या कडेच्या मशिदीचं नाव अरबीतून, दोन्हींचा अर्थ एकच. आणि धर्म खात्याला ते काय म्हणतात माहितेय का, कमंत्रियान आगामा! मंत्री आपला आणि आगम पण आपला. उपवासाला पुआसा. मशिदीत रमजानचे रोजे धरणारा माणूस 'पुआसा' करतोय म्हणतो तेव्हा तो उपवासच म्हणत असतो.

एक प्रश्न: लोक उपाशी असताना एवढी मोठी मशीद बांधायचं काय नडलं होतं, असं तेव्हा कुणी म्हणालं नाही का? आमच्या घरी वडील नेहमी हा प्रश्न विचारायचे, कुठल्याही मोठ्या बांधकामाबद्दल. मला तो प्रश्न सोडवत नाही.

कोयनाकाठ

अबोलीताई, अगदी योग्य प्रश्न. १९६५ च्या सुमाराला तिथे महागाईचा दर सहाशे टक्क्यांच्या घरात गेला होता. तांदळासाठी रांगा. आणि त्याआधीच्या काही वर्षांत मोनास, मशीद, आशियाई खेळांचं स्टेडियम, थामरिनवरचं मोठं हॉटेल, सगळं एकदम सुरू केलेलं. सुकार्णोंचं म्हणणं असं की शतकानुशतकं गुलाम राहिलेल्या देशाला ताठ उभं राहायला अशा गोष्टी लागतात. मला ते अर्धंच पटतं. पोट भरल्याशिवाय मान ताठ राहत नाही.

जास्वंदी

अबोलीताई, वडिलांचा प्रश्न मलाही छळतो. विशेष म्हणजे सिलाबानना पण तो पडला होता. मोनासच्या स्पर्धेतही त्यांचा आराखडा होता, पण तो फार मोठा आणि खर्चिक. सुकार्णोंनी लहान करायला सांगितला तर सिलाबान म्हणाले लहान करण्यापेक्षा देशाची परिस्थिती सुधारेपर्यंत थांबू. सुकार्णो थांबले नाहीत, ते काम दुसऱ्या आर्किटेक्टकडे, सुदर्सोनोंकडे गेलं. मशिदीचं काम तेव्हा थांबलं नाही पण रखडलं मात्र पुष्कळ.

तरी मी एक बघितलंय ते सांगते. दुपारी जा कधीही, कडेच्या व्हरांड्यांत किती माणसं झोपलेली, बसलेली असतात. ऑफिसचे शिपाई, डिलिव्हरीवाली पोरं, लहान मुलं घेऊन आलेल्या बायका, गावाहून आलेली आणि संध्याकाळच्या गाडीची वाट बघणारी कुटुंबं. एसी मॉलमध्ये ज्यांना दारावरचा वॉचमन आत घेणार नाही अशी माणसं. सावली फुकट आहे, पाणी आहे, वारा आहे. खर्च योग्य होता का हे मला ठरवता येणार नाही, पण ज्यांच्या नावावर तो झाला ती माणसं ती जागा वापरताना दिसतात. बऱ्याच देशांत राष्ट्रीय म्हणून बांधलेल्या इमारतींभोवती कुंपण असतं आणि आत फक्त पाहुणे जातात.

फिरस्ता_सातारी

क्वालालंपूरची मस्जिद नेगारा पण बघा कुणीतरी. १९६५ ची. तिथे घुमटच नाही, अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखं घडीचं काँक्रीटचं छप्पर, निळं. पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांचं नाव द्यायचं चाललं होतं, त्यांनीच नको म्हणून सांगितलं. कोयनाकाठ यांना जो प्रश्न पडलाय त्याचं मलेशियाने दिलेलं उत्तर म्हणजे छत्री. आणि इस्लामाबादची फैसल मशीद, तिथेही घुमट नाही, तुर्कस्तानच्या वेदात दालोकाय यांनी वाळवंटातल्या तंबूसारखी केलीय. म्हणजे घुमट सोडून द्यायची हिंमत दोघांनी केली, जकार्ताने नाही केली.

मिस्त्री_मालवण

फैसल मशीद मोठी देखणी, पण डोंगराच्या पायथ्याशी, शहराच्या टोकाला. इस्तिकलाल भर शहरात, समोर स्टेशन, बाजूला चिलिवुंग नदीचा फाटा मशिदीच्या आवारातूनच वाहतो. पुराच्या शहरात नदी आवारात घेऊन बांधणं मला जास्त अवघड वाटतं. जास्वंदीताई, नदीचं काय केलंय तिथे आता?

जास्वंदी

पूर्वी तिथे घाण होती म्हणे, मी आले तेव्हा काठ नीट बांधून काढलेले आणि चालायला रस्ता केलेला होता. २०१९ मध्ये मोठं दुरुस्तीचं काम सुरू झालं, मशीद उघडल्यापासूनचं पहिलंच एवढं मोठं. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी नव्या रूपाचं उद्‌घाटन केलं. संगमरवर घासून पांढरा केला, दिवे बदलले, छपरावर सोलर पॅनल, वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं पाणी पुन्हा वापरात घ्यायची सोय. २०२२ मध्ये ग्रीन बिल्डिंगचं एज सर्टिफिकेट मिळालं, जगात प्रार्थनास्थळाला ते पहिल्यांदाच मिळालं. मला त्यात विशेष आनंद झाला कारण इतक्या वर्षांपूर्वी एका माणसाने बांधकाम खात्यातल्या अनुभवावर जे ठरवलं होतं, की एसी न लावता ही जागा गार राहील, त्यावर आताच्या लोकांनी शिक्का मारला.

आणि हो, फिरस्ता, तुम्ही गेलात तेव्हा एक गोष्ट नव्हती. आता मशिदीपासून कॅथेड्रलपर्यंत रस्त्याखालून भुयारी रस्ता आहे, नाव सिलातुराहमी. लांबी अवघी २८ मीटर. सप्टेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस इथे आले होते, तेव्हा त्या भुयाराच्या तोंडाशी ते आणि मशिदीचे मोठे इमाम नसरुद्दीन उमर एकत्र उभे होते. त्या दिवसांत आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांच्या फोनवर तेच व्हिडिओ. आमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई मुस्लिम आहेत, त्यांनी मला इमामांनी पोपच्या कपाळावर ओठ टेकवले तो फोटो दोनदा दाखवला, जणू घरातल्या लग्नातला फोटो असावा. आपले पंतप्रधानही मे २०१८ मध्ये विडोडोंबरोबर मशिदीत येऊन गेलेत.

सगळं गोड आहे असं नाही. एप्रिल १९९९ मध्ये याच मशिदीच्या तळघरात बॉम्बस्फोट झाला होता, काचा फुटल्या. तपासणीचं गेट आजही आहे. पण गेटवरचा माणूस बॅग तपासतो आणि मग हसून आत सोडतो, कुठला धर्म म्हणून विचारत नाही.

कोयनाकाठ

पेंडोपोचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवतोय. घुमटाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, पण व्हरांड्यांकडे मी बघितलंच नव्हतं हे कबूल करतो. फोटोंमध्ये व्हरांडे दिसतच नाहीत, सगळे फोटो घुमटाचे. तुम्ही तिथे आहात तर व्हरांड्यांचे फोटो टाका ना, दुपारचे, माणसांसकट. आणि छप्पर किती पुढे आलंय ते कळेल असा एक बाजूने.

अबोली७२

माझ्यासाठी जाळ्यांचे पण टाका. आणि सिलाबान यांच्यावर वेगळा धागा काढा, मला त्या माणसाबद्दल वाचायचंय. मशीद उघडली तेव्हा ते होते का?

जास्वंदी

होते. जन्म १९१२ चा, गेले १९८४ मध्ये. म्हणजे स्पर्धा जिंकली तेव्हा बेचाळीस वर्षांचे आणि उद्‌घाटन झालं तेव्हा पासष्टचे. मधली सगळी वर्षं त्या एका इमारतीची वाट बघण्यात गेली असं म्हणता येईल.

जाळ्यांचे फोटो उद्या टाकते, व्हरांड्यांचे शुक्रवार सोडून दुसऱ्या दिवशी काढेन, जुम्म्याला लोकांच्या मध्ये कॅमेरा घेऊन उभं राहायला मला बरं वाटत नाही. बोगोरला सिलाबाननी स्वतःसाठी बांधलेलं घर आहे, इथून लोकलने तासाभराच्या आसपास. बाहेरून तरी बघता येतं का ते पुढच्या महिन्यात जाऊन बघणार आहे, ते झालं की वेगळा धागा काढते. स्वतःसाठी बांधताना त्यांनी छप्पर किती पुढे काढलंय ते मला मोजायचंय.